बांधकामाच्या जागेवरची जुनी झाडं: कुंपण आधी, मशीन नंतर

ओळंबा

नकाशावर हिरवा गोल काढून शेजारी 'झाड ठेवणे' असं लिहिलेलं असतं. काम संपतं, झाड उभं असतं, सगळ्यांना वाटतं वाचलं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंडा वाळायला लागतो आणि खापर किडीवर किंवा कडक उन्हाळ्यावर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यातलं असतं. जागा साफ करताना जेसीबी त्याच झाडाखाली वळलेला असतो, मुरमाची पहिली गाडी त्याच सावलीत रिकामी झालेली असते.

खोडाला मार बसून झाड क्वचितच मरतं. मुळांभोवतीची जमीन बिघडली की मरतं. म्हणून हा धागा फक्त ठेवायच्या झाडांच्या जमिनीबद्दल आहे. तोडायच्या झाडांची परवानगी, पुनर्रोपण हे विषय इथे नकोत.

आधी एक समज काढून टाकू. 'सोटमूळ खोल गेलंय, वरचं फूटभर खरवडलं तर काय बिघडतं?' पूर्ण वाढलेल्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटरमध्ये असतात, आणि पाणी व अन्न शोषणारी केसासारखी तंतुमुळं तर वरच्या वीत-दीड वीत मातीत. पसारा मात्र फांद्यांच्या घेराबाहेर जातो, मोकळ्या जमिनीत दुप्पट-तिप्पटसुद्धा. पाणी पसरलेल्या ताटलीच्या मधोमध पेला ठेवला तर जे चित्र दिसेल, तसं झाड जमिनीवर उभं असतं.

मग राखायचं किती? जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ हे त्या झाडाचं संरक्षित क्षेत्र. ब्रिटनचं बीएस ५८३७ आणि ऑस्ट्रेलियाचं एएस ४९७० ही दोन्ही मानकं हाच १२ पटींचा हिशोब धरतात आणि कमाल त्रिज्या १५ मीटरवर थांबवतात (ब्रिटनमध्ये माप १.५ मीटरवर घेतात). घेर १८८ सेंमी असेल तर व्यास ६०, त्रिज्या ७.२ मीटर, क्षेत्र सुमारे १६३ चौरस मीटर. साइटवर भागाकार नको असेल तर घेराच्या चौपट त्रिज्या धरा, चूक झाली तरी झाडाच्या बाजूने होईल.

बुंध्यापासूनच दोन-तीन खोडं फुटली असतील तर प्रत्येकाच्या व्यासाचा वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा. ३० आणि ४० सेंमीची दोन खोडं म्हणजे हिशोबाला ५० सेंमीचं एक झाड.

म्हातारं, आधीच थकलेलं झाड असेल तर १२ पट कमी पडतात. तिथे १५ ते १८ पट धरा. तरुण झाड नवी मुळं लवकर फोडतं, म्हातारं फोडत नाही.

काळीमाती

ओळंबा यांनी जमिनीवर बोट ठेवलं ते बरं झालं. 'माती दबली' म्हणजे नेमकं काय होतं ते लिहितो, कारण सुपरवायझरला हे समजावल्याशिवाय तो कुंपण पाळत नाही.

चांगल्या मातीचं जवळजवळ निम्मं आकारमान पोकळ असतं. मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचं पाणी खाली उतरतं, बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं. जड चाक गेलं की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात. मुळांनाही प्राणवायू लागतो. तो मिळेनासा झाला की तंतुमुळं गुदमरतात, आणि वरून पाणी दिलं तरी ते आत न मुरता वाहून जातं.

दुसरं म्हणजे बहुतेक दाब पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बसून जातो. 'फक्त आजच्या दिवस गाडी इथून जाऊ दे' या वाक्याने झाडाचं जे व्हायचं ते होऊन जातं. नंतर महिनाभर कुंपण ठेवून ते परत येत नाही.

ओली माती कोरडीपेक्षा फार लवकर दबते. मूठभर माती दाबून गोळा होत असेल आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटत नसेल, तर त्या दिवशी संरक्षित क्षेत्राजवळ मशीन नको. चिकण मातीत घनता १.४ ते १.५ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या वर गेली की मुळांची वाढ अडते, वाळूसर मातीत हा आकडा १.७ ते १.८ च्या आसपास असतो. प्रयोगशाळा जवळ नसेल तर १० मिमीची सळई घ्या. काम सुरू होण्यापूर्वी, पाऊस किंवा पाणी देऊन दोन दिवसांनी, ती हाताने किती खोल जाते ते वर्तुळात आठ-दहा ठिकाणी नोंदवून ठेवा. काम चालू असताना तेवढ्याच ओलीवर पुन्हा बघा. पूर्वी ३० सेंमी जाणारी सळई ८ सेंमीवर अडली, तर कोणीतरी कुंपणाच्या आत गाडी घातलेली आहे.

साइटवरचा

वाचतोय. अडचण अशी की १६३ चौरस मीटर मोकळे सोडण्याएवढी जागा प्रत्येक प्लॉटवर नसते. ६० सेंमी व्यासाचं झाड आहे आणि इमारतीची रेषा खोडापासून ४ मीटरवर आली तर काय करायचं? झाड तोडायचंच का?

ओळंबा

नाही, पण हिशोब कागदावर करा. एएस ४९७० नुसार क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंतचं अतिक्रमण किरकोळ धरलं जातं, अट अशी की तेवढंच क्षेत्र दुसऱ्या बाजूला, लागूनच, वाढवून द्यायचं.

तुमच्या झाडाचं वर्तुळ ७.२ मीटरचं. एकाच बाजूने सरळ रेषा गेली असं धरू:

खोडाच्या मध्यापासून ५ मीटरवर रेषा: सुमारे १६ चौ.मी. तुटतात, १० टक्क्यांच्या आत.
४ मीटरवर: सुमारे २७ चौ.मी., १६ ते १७ टक्के.
३ मीटरवर: ४० च्या जवळ, म्हणजे एक चतुर्थांश.

तुमची ४ मीटरची रेषा किरकोळ धरता येत नाही, पण अशक्यही नाही. मात्र उरलेल्या तिन्ही बाजूंना इंचभरही सूट मिळणार नाही. आणि रेषा ४ मीटरवर म्हणजे खोदाई ४ मीटरवर असं नव्हे, हे फार वेळा विसरलं जातं. फुटिंगच्या (पायाच्या) खड्ड्याला उतार द्यावा लागतो, सेंट्रिंगला उभं राहायला जागा लागते, परांचीला मीटर-सव्वा मीटर लागतो. प्रत्यक्षात खोदाई अडीच मीटरवर येते. म्हणून नकाशावरची भिंतीची रेषा मोजू नका, खड्ड्याची वरची कड मोजा.

आणि इथे दुसरी मर्यादा आडवी येते. खोडाजवळची जाड मुळं झाडाला उभं धरतात. तिथे कापलं तर झाड वाळण्याआधी वाऱ्यात आडवं होईल. त्याच मानकातलं सूत्र: त्रिज्या = (व्यास × ५०) चा ०.४२ वा घात × ०.६४. इथे व्यास बुंध्याच्या फुगवट्याच्या लगेच वरचा, मीटरमध्ये. बुंधा ७० सेंमी असेल तर त्रिज्या २.८५ मीटर येते. या आतल्या वर्तुळात मशीनने खोदाई अजिबात नाही.

मग उपाय? त्या बाजूला सलग चराचा पाया टाळा. कॉलम किंवा पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) घ्या, त्यांची जागा आधी हाताने ६० सेंमी खणून पाहून ठरवा, मोठं मूळ लागलं तर कॉलम ३०-४० सेंमी सरकवा, आणि बीम जमिनीत न गाडता जमिनीच्या वर घ्या, मुळांवरून पुलासारखी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे पहिल्या बैठकीत सांगितलं तर तो आनंदाने करतो. स्टील कापून झाल्यावर सांगितलं तर कोणीच करत नाही.

हिरवी_चौकट

कुंपणाबद्दल लिहिते, कारण नव्वद टक्के साइटवर 'कुंपण' म्हणजे चार बांबू आणि लाल-पांढरी फीत असते. फीत दुसऱ्या दिवशी पायाखाली असते.

उंची किमान १.८ मीटर. लोखंडी पाइप जमिनीत ६० सेंमी ठोकलेले, दर अडीच-तीन मीटरवर एक, त्यावर वेल्डेड जाळी तारेने घट्ट बांधलेली. ७.२ मीटरच्या वर्तुळाला ४५ मीटर जाळी आणि साधारण १८ पाइप लागतात. पत्रे लावू नका. आत काय चाललंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, नाहीतर आत सिमेंटच्या गोण्या रचल्या जातात आणि कळत नाही. पाइप ठोकण्यापूर्वी बारीक सळईने चाचपून मूळ नाही ना ते बघा. जाळीला दरवाजा ठेवू नका. पाणी द्यायला पाइप जाळीतून जातो, माणूस आत जायची गरज पडत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी तोडायच्या झाडांवर खूण, मग ठेवायच्या झाडांचं कुंपण, मग पहिलं मशीन साइटवर. लाइनआउट (जमिनीवरची आखणी), झुडपं काढणं, माती परीक्षणाचं बोअर, कामगारांच्या शेड, सगळं कुंपणानंतर. सावलीमुळे शेड नेमकी झाडाखालीच टाकली जाते, म्हणून शेडची आणि गाड्या उभ्या करण्याची जागा नकाशावर आधीच नेमून द्या. सावली हवीच असते, तर तिथे वेगळं शेडनेट बांधून द्या. माणसांची सोय केली नाही तर ती झाडाखाली जाणारच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

खोडाला फळ्या बांधणं हा शेवटचा पर्याय, जिथे कुंपण मागे नेताच येत नाही तिथे. आधी काथ्याची जाड दोरी किंवा जुन्या टायरच्या ट्यूब गुंडाळा, त्यावर दोन मीटरच्या जाड उभ्या फळ्या, बाहेरून तारेने आवळलेल्या. फळीचं खालचं टोक बुंध्याच्या फुगवट्यावर टेकता कामा नये, नाहीतर जेसीबीचा धक्का थेट मुळाच्या सालीवर जातो. खिळा एकही नाही. आणि दर तीन महिन्यांनी तार सैल करा, खोड वाढतं.

साइटवरचा

आणि जिथे रस्ता दुसरा नाहीच, गाडी वर्तुळातूनच न्यावी लागते तिथे?

हिरवी_चौकट

तिथे जमिनीवर पांघरूण घाला. खरवडायचं काहीच नाही, गवत असेल तर वरून कापा. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), त्यावर लाकडाचा भुगा नव्हे तर चिपरमधून, म्हणजे फांद्या चिरडणाऱ्या यंत्रातून, निघालेले जाडसर तुकडे (चिप्स). फक्त पायी ये-जा असेल तर १० सेंमी थर आणि वर फळ्या. हातगाडी, छोटा डंपर असं दोन टनांपर्यंतचं काहीतरी असेल तर १५ सेंमी थर आणि एकमेकांत अडकणाऱ्या पाट्या. दोन टनांच्या वर गेलात तर अंदाजाने करू नका. जिओसेल (पोळ्यासारख्या कप्प्यांची प्लॅस्टिकची जाळी), लोखंडी प्लेट किंवा काँक्रीटचे स्लॅब भाराप्रमाणे डिझाइन करून घ्यावे लागतात. ट्रान्झिट मिक्सर भरलेला असतो तेव्हा २५ टनांच्या घरात जातो, त्याला प्लायवुड पुरत नाही.

चिप्स चाकाखाली चुरगळून बसतात. थर मोजून दर पंधरा दिवसांनी भर घाला. काम संपलं की जिओटेक्स्टाइलसकट सगळं उचला आणि फक्त ५ ते १० सेंमी चिप्स परत पसरा. तीस सेंमीचा कुजणारा ढीग तसाच राहिला तर खालच्या मुळांना हवा मिळत नाही.

पारंबी

जागा साफ करण्याच्या टप्प्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

ठेवायच्या झाडाशेजारचं झाड तोडायचं असेल तर ते बाहेरच्या बाजूला पाडा, किंवा दोरावर तुकड्या-तुकड्याने उतरवा. त्याचा बुंधा मशीनने उपटू नका. दोन झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एकाच जातीची असतील तर कधीकधी जुळूनही गेलेली असतात. पोकलेनने बुंधा ओढला की शेजारच्याची मुळं जमिनीतच फाटतात आणि वर काही दिसत नाही. बुंधा जमिनीलगत कापा आणि यंत्राने किसून काढा, किंवा तसाच कुजू द्या. तसंच पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्याला तणनाशक लावू नका. जुळलेल्या मुळांतून ते ठेवायच्या झाडात पोचू शकतं.

झुडपं हाताने किंवा ब्रशकटरने कापायची. बकेट जमिनीवरून घासत नेऊन 'एका झटक्यात साफ' केलं तर तंतुमुळांचा सगळ्यात मोलाचा थर झुडपांसोबत ट्रकमध्ये जातो. मशीन लागतंच, तर ते वर्तुळाबाहेर उभं राहून हात लांबवून काम करेल, आणि मागे मागे सरकेल. तोंड झाडाकडे, चाकं झाडापासून दूर.

दाट राईतलं एकच उंच झाड ठेवून बाकी सगळी काढायची, ही कल्पना नकाशावर छान दिसते. पण राईत वाढलेल्या झाडाचं खोड सडपातळ, फांद्या वरच, आणि वारा त्याने कधी अंगावर घेतलेलाच नसतो. एकटं पडलं की उन्हाने साल भाजते आणि पहिल्या वादळात ते पडतं. ठेवायचं तर पाच-सात झाडांचा पुंजका ठेवा, कडेच्या छोट्यांसकट, आणि कुंपण प्रत्येकाला वेगळं न घालता पुंजक्याला एक घाला.

पालापाचोळा जाळायचा नाही. साल काळी न पडताही आतला जिवंत थर भाजून मरतो, भेग पडते ती काही महिन्यांनी.

लेव्हलपट्टी

माझा मुद्दा चरांचा. इमारत झाडापासून लांब ठेवतात आणि मग सगळ्यात शेवटी ड्रेनेज, पाणी, वीज, इंटरनेट असे चार वेगवेगळे ठेकेदार चार वेगवेगळे चर झाडाखालून काढतात. प्रत्येक चर स्वतंत्रपणे छोटा असतो. चारी मिळून अर्धी मुळं जातात. सर्व सेवांचा एक संयुक्त नकाशा सुरुवातीलाच बनवा, एकच चर घ्या आणि तो वर्तुळाबाहेरून न्या.

वर्तुळातून न्यावाच लागला तर आडवं ड्रिलिंग, पाइपचा माथा ७५ सेंमी ते १ मीटर खोल, दोन्ही टोकांचे खड्डे वर्तुळाबाहेर. खोडाच्या बाजूने गेलेला उघडा चर त्या बाजूची जवळजवळ सगळी मुळं तोडतो, पण तेवढ्या खोलीवरून थेट खोडाखालून गेलेला बोगदा फार थोडी. ऐकायला उलट वाटतं, पण मुळं कुठे असतात ते आठवलं की पटेल.

ड्रिलिंगही जमत नसेल तर हाताने:

१. वरची माती आणि खालची माती वेगवेगळी काढा, गोणपाटावर ठेवा, झाडाभोवती ढीग करू नका.
२. कुदळीचा घाव मुळाच्या दिशेला समांतर. कंप्रेसरवरचं हवेचं भालं मिळालं तर उत्तम, सुमारे ६-७ बार दाबाने माती उडते आणि मुळं शाबूत राहतात.
३. २५ मिमीपेक्षा जाड मूळ दिसलं की थांबा. ते तसंच ठेवून पाइप खालून सरकवा. शंकास्पद मुळाबद्दल झाडांचा जाणकार येईपर्यंत कापू नका.
४. त्याहून बारीक मूळ कापायचंच असेल तर धारदार करवतीने किंवा सिकेटरने, आडवा स्वच्छ काप. जिथे त्याला बाजूचं मूळ फुटतं त्याच्या लगेच बाहेर कापलं तर उत्तम.
५. उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि गोणपाट वाळू देऊ नका. दुपारच्या उन्हात तंतुमुळं फार लवकर मरतात.
६. शक्यतो त्याच दिवशी चर बुजवा. तळाला पाइपभोवती वाळू, वर तीच मूळची माती त्याच क्रमाने. धुम्मस करायची नाही, पाणी सोडून बसवायची.

जेसीबीच्या दातात सापडलेलं मूळ जिथे दिसतं तिथे तुटत नाही, ते खोडाकडे चिरत जातं. पाच बोटं जाडीचं मूळ असं ओढलं गेलं तर चिर आत बऱ्याच अंतरापर्यंत जाऊ शकते, आणि कुजण्याची वाट तिथून उघडते. असं झालेलं दिसलं तर चिर संपते तिथपर्यंत माती मोकळी करून पुन्हा साफ काप द्या. कापावर डांबर, ऑइलपेंट, सिमेंटचा लेप काहीही नको, त्याने जखम भरायला मदत होत नाही.

साइटवरचा

भरावाबद्दल विचारायचं होतं. रस्त्याची लेव्हल वर गेली म्हणून प्लॉट ४५ सेंमी उचलायचाय. खोडाभोवती गोल विटांचं कडं बांधून बाहेर मुरूम भरला तर चालतं ना? सगळीकडे तसंच दिसतं.

काळीमाती

चालत नाही. कडं खोडाची साल वाचवतं, मुळांना काही मिळत नाही. ती कड्याच्या बाहेर, भरावाखाली असतात. दाबलेल्या मुरमाचे ४५ सेंमी म्हणजे हवा बंद. चिकण मातीचा भराव तर १५ सेंमी झाला तरी त्रास देऊ शकतो. संवेदनशील झाड एक-दोन वर्षांत माना टाकतं, चिवट झाड चार-पाच वर्षं तग धरतं, एवढाच फरक.

खरा उपाय म्हणजे वर्तुळाच्या कडेला धारक भिंत बांधून आतली जमीन मूळ लेव्हललाच ठेवणं, आणि आत साचणारं पाणी बाहेर जायला वाट काढणं. ती वाट विसरलात तर खड्ड्यात तळं होईल, आणि पाण्यात बुडालेली मुळं भरावाखालच्या मुळांइतकीच गुदमरतात. भिंतीचा पायाही सलग नको, सुटे कॉलम घ्या.

लेव्हल खाली घ्यायची असेल तर उलटा प्रश्न. १५ सेंमी तासली तरी तंतुमुळांचा मोठा भाग जातो. तिथेही वर्तुळ उंच ठेवून बाहेर उतार किंवा भिंत.

पार्किंग किंवा पायवाट वर्तुळावरून न्यावीच लागत असेल तर न खोदता: जमिनीवर जिओटेक्स्टाइल, त्यावर १० ते १५ सेंमी उंचीचे जिओसेल, त्यात २० ते ४० मिमीची धुतलेली टोकदार खडी, वर पाणी झिरपणारे ब्लॉक. कच किंवा क्रश सँड मिसळू नका, पोकळ्या बुजतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. वर्तुळाच्या मोकळ्या जमिनीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग असा झाकू नका.

आमच्यासारख्या काळ्या मातीवाल्यांसाठी आणखी एक. मोठं झाड काढलं की ते ओढत होतं ते पाणी जमिनीत राहतं आणि फुगणारी माती फुगते, पाया उचलला जातो. झाड ठेवण्यात इमारतीचंही हित असू शकतं, हे मालकाला सांगा.

पारंबी

सिमेंटच्या पाण्याबद्दल एक ओळ तरी हवी. ओल्या सिमेंटचं पाणी तीव्र अल्कली असतं, पीएच १२ च्या वर. मिक्सर, परात, फावडी धुतलेलं पाणी उतारावरून झाडाकडे गेलं तर मुळं भाजतात आणि माती अल्कली होऊन लोह, मँगनीज झाडाला मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. धुण्याची जागा वर्तुळाबाहेर, उताराच्या खालच्या अंगाला, जाड पॉलिथिन अंथरलेल्या खड्ड्यात. डिझेलची टाकी, शटरिंगचं तेल, रंग, थिनर यांचंही तेच. आणि पायाला वाळवीचं औषध देताना वर्तुळाच्या बाजूला ते जमिनीत ओतण्याऐवजी अडथळ्याची जाळी किंवा शीट वापरता येते का ते आधी विचारा.

साइटवरचा

मुळं थोडी कापली गेली तर वरूनही तेवढ्याच फांद्या छाटून 'तोल' साधावा, असं माळी सांगतात. बरोबर आहे का?

हिरवी_चौकट

नाही. हा सल्ला फार जुना आहे आणि झाडाचं नुकसान करतो. नवी मुळं फोडायला जी साखर लागते ती पानंच बनवतात. मुळं कापून वर पानंही काढली तर झाडाचा खर्च वाढतो आणि कमाई बंद होते. वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, बस.

क्रेनच्या बूमला किंवा परांचीला फांदी अडत असेल तर ती काम सुरू होण्यापूर्वी, झाडावर चढणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडून, फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापून घ्या. एका वर्षात एकूण पर्णभाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कधीच नाही, म्हाताऱ्या झाडाला त्याहून खूप कमी. लवचीक फांदी असेल तर कापण्याऐवजी गोणपाटाचा पट्टा घालून दोरीने बाजूला बांधता येते, हे कोणी करत नाही आणि फुकट होतं. बाहेर आलेल्या फांद्यांना क्रेन ऑपरेटरला दिसतील अशा रंगीत पट्ट्या बांधा.

लेव्हलपट्टी

पारंबी, तुमच्या नावावरून आठवलं. वडाचं वर्तुळ कुठून धरता? मधल्या खोडावरून काढलं तर अर्ध्या पारंब्या बाहेर पडतात.

पारंबी

जमिनीत रुजून जाड झालेली प्रत्येक पारंबी हे वेगळं खोड समजायचं. प्रत्येकीभोवती तिच्या व्यासाच्या १२ पट वर्तुळ काढा, मधल्या खोडाचंही काढा, आणि सगळ्यांच्या बाहेरून एक रेषा फिरवा. ते कुंपण. रुजलेली पारंबी वरच्या आडव्या फांदीचा खांब असते, ती 'आडवी येते' म्हणून कापली तर वरची फांदी कधीही खाली येऊ शकते. लोंबत्या, न रुजलेल्या पारंब्या वाटेत असतील तर त्या दोरीने एकत्र बांधून वर घ्या. काम संपल्यावर सोडल्या की त्या पुन्हा खाली जातात. नवीन पारंबीला आधार द्यायचा असेल तर पोकळ बांबू उभा चिरून त्यात माती आणि शेवाळ भरून जमिनीपर्यंत वाट करून देता येते.

ओळंबा

देखभालीचं थोडं. मुळांना धक्का बसलाय अशा झाडाला कोरड्या दिवसांत आठवड्याला २५ मिमी पाणी द्या. चौरस मीटरला २५ लिटर, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या १६३ चौ.मी. ला सुमारे ४,००० लिटर. आकडा मोठा वाटतो, कारण आपल्याला बुंध्याशी दोन बादल्या ओतायची सवय आहे, आणि बुंध्याशी पाणी शोषणारी मुळं जवळजवळ नसतात. ठिबकच्या नळ्या वर्तुळभर फिरवा, हळूहळू द्या, पुढच्या पाळीआधी वरची माती जरा सुकू द्या. साइटवर उपसा चालू असेल, पायाच्या खड्ड्यातून पंप लावलेला असेल, तर भूजल खाली जातं. अशा वेळी हे पाणी चुकवू नका. पहिल्या वर्षी युरिया किंवा कुठलंही जलद नत्र नको, तुटक्या मुळांवर हिरव्या पानांचा बोजा पडतो.

दर आठवड्याला एकदा झाडाचा फोटो, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. नुकसान हळू दिसतं: पानं नेहमीपेक्षा लहान, गळ लवकर, शेंड्याच्या टोकाच्या काड्या उघड्या, खोडावर मधूनच पालवीचे झुपके. आणि एखाद्या वर्षी अवेळी भरघोस मोहर किंवा फळं. त्या भरघोस वर्षाचं कौतुक होतं, पण अडचणीतल्या झाडाची ती खूण असू शकते.

माती दबलेली आढळली तर हवेच्या भाल्याने वरची १५ ते २० सेंमी माती मोकळी करून त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा आणि वर आच्छादन घाला. भालं नसेल तर मोठी मुळं चुकवत ५ सेंमी व्यासाची, ३० ते ४५ सेंमी खोल भोकं ६० सेंमी अंतराने पाडून त्यात कंपोस्ट भरतात, पण फायदा भोकाच्या आसपासपुरताच राहतो. नांगर, रोटाव्हेटर कधीच नाही.

साइटवरचा

शेवटचं. कुंपण नेमकं कधी काढायचं? इमारतीचं काम संपल्यावर लगेच?

हिरवी_चौकट

लगेच नाही. इमारत संपते तेव्हा बागकाम सुरू होतं, आणि दीड वर्ष राखलेलं झाड बागवाल्यांच्या पहिल्या दिवशी जातं. लॉनसाठी रोटाव्हेटर फिरतो, वर लाल मातीचा १० सेंमी थर पडतो, स्प्रिंकलरचे चर निघतात, झाडाभोवती सिमेंटचा पार बांधायची टूम निघते. कुंपण सगळ्यात शेवटी, बागेचा ठेकेदारही साइट सोडून गेल्यावर काढा, आणि पाइप ओढून काढल्यावर भोकं कंपोस्टने भरा. वर्तुळात लॉन नको, पाण्याची आणि अन्नाची ओढाताण होते. ५ ते १० सेंमी पालापाचोळा किंवा चिप्स पसरा, बुंध्याभोवती वीतभर जागा कोरडी, उघडी ठेवा. रोपं लावायचीच असतील तर छोट्या पिशवीतली, खुरप्याने, मुळांच्या मधल्या जागेत एकेक करून.

साइटवरचा

ठीक. ४ मीटरच्या रेषेसाठी इंजिनिअरला कॉलम आणि वरच्या बीमचं आज कळवतो, खड्ड्याची कड पुन्हा मोजतो. भरावाऐवजी वर्तुळाच्या कडेला भिंत आणि पाण्याची वाट. मापं घेऊन नकाशा इथेच टाकतो.

ओळंबा

टाका. बुंध्याच्या फुगवट्याच्या वरचा व्यासही लिहा आणि सळईच्या आठ नोंदीसुद्धा, मशीन यायच्या आधीच्या.